हुरड्याचा शनिवार

संक्रांत आली की सिन्नर रस्त्याला पाट्या लागतात. हुरडा पार्टी, चुलीवरचं जेवण, झोपाळा, बैलगाडी. पूर्वी एखाददुसरी असायची, आता दर दोन शेतं सोडून एक. गाडीची काच खाली असेल तर गोवऱ्यांच्या धुराचा आणि भाजलेल्या कणसांचा वास आत येतो आणि मी काच वर करते. माझी मुलगी दरवर्षी म्हणते, आई, जाऊ या ना, सगळे जातात. मी सांगते, मला हुरड्याने पोट दुखतं. साफ खोटं. लहानपणी मी कणसं चोळणाऱ्याच्या हाताखालीच ओंजळ धरून बसायचे, इतका मला हुरडा आवडायचा. पण त्या एका शनिवारनंतर मी तो तोंडात घातलेला नाही आणि त्याचं कारण व्हिडिओ गेम आहे असं सांगितलं तर लोक मला वेड्यात काढतील.

काढोत बापडे. जे झालं ते असं झालं.

दोन हजार नऊच्या जानेवारीपर्यंत मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका गेमच्या कंपनीत नोकरी करायचे. मोबाइलवरचे गेम तपासणं हे माझं काम. गेम खेळायचा, कुठे अडकतो, कुठे बिघडतो ते हुडकायचं, चिठ्ठी लिहायची आणि ज्याने तो बनवला त्याच्या टेबलावर नेऊन चिकटवायची. याचा पगार मिळतो यावर माझ्या सासूबाईंचा कधीच विश्वास बसला नाही. शेजारणींना त्या ‘सून कॉम्प्युटरमध्ये आहे’ एवढंच सांगायच्या आणि घाईघाईने विषय बदलायच्या. नवरा म्हणायचा, लोक ऑफिसात चोरून गेम खेळतात, तू गेमच्या ऑफिसात चोरून काय करतेस? मी म्हणायचे, स्वेटर विणते. विणायचेही.

वेड तसं जुनं. मी नववी-दहावीत असताना, म्हणजे नव्वद-एक्क्याण्णवच्या आसपास, भावाने भद्रकालीच्या बाजारातून टीव्हीला जोडायचा एक गेम आणला होता. पिवळी कॅसेट, ती फुंकर मारून बसवायची. त्याने टीव्हीची पिक्चर ट्यूब जाते असं आईचं ठाम मत, त्यामुळे ती बाजारात गेली की आम्ही लावायचो आणि आल्यावर टीव्हीच्या पाठीवर ओलं फडकं टाकून तो गार करायचो. हरले की मला राग यायचा, पण त्याहून जास्त राग गेम लबाडी करायचा तेव्हा यायचा. मी बटण दाबलंय, उडी मारलीय, तरी हा मेला कसा? भाऊ म्हणायचा, सोड ना ताई, गेम आहे तो. मी सोडायचे नाही. तीच तिडीक पुढे पोटापाण्याला आली.

ऑफिस एका वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर होतं. खाली दिवसभर प्रेस चालायचा, त्याच्या दणक्याने आमच्या कपातला चहा थरथरायचा आणि जिन्यात मशीनच्या तेलाचा वास कायम. आम्ही अकरा जण. एकच गेम प्रत्येक कंपनीच्या प्रत्येक फोनवर वेगळा तपासावा लागायचा, म्हणून माझ्याकडे साठ-सत्तर फोन होते. ते ठेवायला कंपनीने काही दिलं नाही, मग मी अंडीवाल्याकडून पुठ्ठ्याचे ट्रे आणले आणि एकेका खळग्यात एकेक फोन उभा केला. जानेवारीत नाशिकची थंडी अशी, की सकाळी पहिला तास माझी बोटं चालायचीच नाहीत. मी फोन चार्जिंगला लावायचे, ते जरा कोमट झाले की दोन्ही हातांत धरून बसायचे आणि मग कामाला लागायचे.

यशवंत माझ्या समोरच्या टेबलावर बसायचा. पेठकडचा, डोंगरातल्या गावचा. घरी भाताची आणि नागलीची, म्हणजे नाचणीची, थोडी शेती. ती उरकली की आई-वडील दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागांत मजुरीला यायचे, कडब्याच्या झोपडीत राहायचे आणि पावसाच्या आधी परत डोंगर चढायचे. हा वसतिगृहात राहून शिकला, चित्रं काढत काढत कॉम्प्युटरपर्यंत पोचला. वय सव्वीस. दिवसाला दहा वाक्यं बोलला तर खूप. पण पडद्यावरचं माणूस त्याने काढलं की ते उठून चालायला लागायचं. मी एवढे गेम तपासले, असा हात मी दुसरा पाहिला नाही.

सुरुवातीला सगळं कसं सुटसुटीत होतं. मोबाइलचा पडदा काडेपेटीएवढा. त्यात झाड म्हणजे सोळा ठिपके आडवे आणि सोळा उभे. यशवंत एका दुपारीत जंगल उभं करायचा आणि चारला चहाला हजर. चार माणसं, तीन महिने, एक गेम. मग फोन मोठे झाले, पडदे मोठे झाले आणि तिकडून, म्हणजे परदेशातल्या आमच्या मालक कंपनीकडून, मागण्या यायला लागल्या. झाडाला पानं हवीत. पानं हलायला हवीत. हलणाऱ्या पानांची सावली हलायला हवी. एका झाडाला यशवंतला अकरा दिवस लागले. अकरा दिवस! तेवढ्यात आमच्या गॅलरीतल्या कुंडीत मेथी वर आली असती. आणि खेळणाऱ्याला गेम मात्र आधीच्याच किमतीत हवा होता.

मग तिकडच्यांनी काय करावं? छोटे गेम बंद केले आणि सगळा पैसा एका मोठ्या गेममध्ये ओतला. टीव्हीवर खेळायचा, अगदी सिनेमासारखा. चार वर्षं चाललेला, शेकड्यांनी माणसं त्यावर राबणारी. आमच्या वाट्याला त्यातली पिंपं आली. हो, पिंपं. नायक बंदूक घेऊन गोदामात शिरतो, त्या गोदामातली पिंपं. लाकडी, लोखंडी, गंजलेली, चेपलेली, गळकी. यशवंत आणि रूपाली नावाची एक हसरी मुलगी, दोघं आठ महिने नुसती पिंपं काढत होते. मी ती तपासायचे. पिंपात काय तपासणार, कपाळ? गोल आहे ना, बघायचं आणि बरोबरची खूण करायची. रूपाली म्हणायची, ताई, आमच्याकडे मुलगा बघायला आला की काय सांगू, पिंपं उत्तम जमतात म्हणून?

आम्ही हसायचो. तो गेम दिवाळीच्या सुमाराला बाजारात आला आणि सपशेल आपटला. इतका खर्च झालेला गेम नुसता बरा चालून भागत नाही, तो धो धो चालावा लागतो, असं आमचे साहेब कुलथे सर सांगत होते आणि सांगताना हातातला पेन उघडझाप करत होते. मी मनात म्हटलं, आपटला तर आपटला, आपली पिंपं तर चांगली होती. इतकी मी मूर्ख.

पण मला सांगायचंय ते यशवंतच्या गेमबद्दल. त्याच्या स्वतःच्या.

दोन वर्षं तो सहा वाजता काम संपलं की तासभर थांबायचा आणि ऑफिसच्याच मशीनवर आपला एक गेम बनवायचा. घरी कॉम्प्युटर कुठला? सरांना माहीत होतं, ते काही बोलायचे नाहीत. गेममध्ये एक बाई डोक्यावर नागलीच्या रोपांची पाटी घेऊन डोंगर उतरते. बस, एवढंच. वाटेत दगड, चिखल, तीन ओढे. आपण बटणं तिच्या पावलांच्या ठेक्यात दाबायची. घाई केली की ती थांबते, वळून आपल्याकडे बघते आणि कमरेवर हात ठेवते. पहिल्यांदा ती अशी थांबली तेव्हा मी एकटी खुर्चीत ओशाळले. ती त्याची आई होती. पावसाळ्यात घरी गेला की तो तिच्या मागून चालायचा आणि पाऊल कसं पडतं, पाटीवरचा डावा हात कधी सुटतो, उजवा कुठे जातो, ते वहीत काढून आणायचा. त्या चालीला त्याने सात महिने घालवले. मी तो गेम ट्रेमधल्या प्रत्येक फोनवर तपासला. तिसऱ्या ओढ्यात बाई पुढे जायची आणि पाटी मागे हवेत राहायची, त्यावरून मी त्याला सहा चिठ्ठ्या चिकटवल्या. नंतर एक दिवस पाटी डोक्यावर बसली आणि मी सगळ्यांना पेढे वाटले.

तो गेम म्हणजे यशवंतची हौस नव्हती, हे नीट समजून घ्या. आमच्या धंद्यात एक विचित्र प्रकार होता. केलेल्या कामावर आमची नावं नसायची आणि ते बाहेर कुणाला दाखवायचं नाही असं आम्ही सही करून दिलेलं असायचं. चार वर्षं मान मोडून काम केलं तरी दुसरीकडे दाखवायला हातात काही नाही. यशवंतच्या नावाचं जगात एकच काम होतं, हे. आणि पुण्याच्या एका स्टुडिओने त्याला बुधवारी बोलावलं होतं. संपूर्ण गेम एकट्याने बनवू शकेल असा माणूस त्यांना हवा होता. तुमचं स्वतःचं काम घेऊन या, असं त्यांनी सांगितलेलं. त्याने हे फक्त मला सांगितलं होतं.

घेऊन जायचं कसं, हाच प्रश्न होता. ऑफिसातून काही बाहेर जाता कामा नये असा तिकडचा नियम. पेनड्राइव्हच्या जागा कागदी पट्टी लावून, वर सही मारून बंद केलेल्या. इंटरनेट कामापुरतं. सीडी काढायची सोय फक्त सरांच्या केबिनमध्ये. यशवंतने हिय्या करून सरांना विचारलं होतं आणि सर म्हणाले होते, शनिवारी दुपारी ये, ऑफिस रिकामं असतं, काढून घे.

मग त्याच आठवड्यात सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, शनिवारी सगळ्यांना हुरड्याला न्यायचंय, सिन्नरच्या अलीकडे माझ्या मामांचा मळा आहे, मिनीबस सांगितलीय. मी उडालेच. हा माणूस वाढदिवसाला अर्ध्या किलोचा केक अकरा जणांना पुरवणारा. सर माझ्याकडे न बघता म्हणाले, एकही जण मागे राहायला नको शैलाताई, ते तुमच्याकडे लागलं.

माझ्याकडे काही लागलं की मी ते करतेच. कुणाची आई आजारी, कुणाचा क्लास, कुणाला धुळीने शिंका येतात, सगळ्यांना मी पटवलं, दटावलं, गोळा केलं. यशवंत तेवढा नाही म्हणाला. म्हणाला, ताई, शनिवारी सीडी काढायचीय, तुम्ही जाऊन या. मी म्हटलं, सोमवारी काढ, बुधवारला वेळ आहे की. सोमवारी नऊ वाजता मी स्वतः सरांची केबिन उघडून देते, माझा शब्द. तो जरा घुटमळला. मग म्हणाला, तुमचा शब्द म्हणजे झालं.

तो दिवस मला आजही जसाच्या तसा दिसतो. आभाळ स्वच्छ निळं, उन्हात ऊब, सावलीत कडाका. गव्हाच्या शेताकडेने पाट वाहतोय. बांधाजवळ खड्डा करून आगटी पेटवलेली, मामा कणसं निखाऱ्यांत खुपसताहेत आणि मामी ती गरम कणसं रुमालात धरून चोळून देताहेत. हिरवे, गोडसर, वाफाळलेले दाणे. सोबत शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, गूळ, घट्ट दही. यशवंत थोडा वेळ बघत राहिला आणि मग सरळ मामींच्या शेजारी जाऊन बसला. त्याच्या हाताला चटका लागत नव्हता. एकेका दणक्यात कणीस मोकळं करायचा आणि दुसऱ्यालाच द्यायचा. दोन्ही पंजे काळेकुट्ट झालेले. आणि बोलत होता! रूपालीला आपल्या गेममधला दुसरा ओढा समजावून सांगत होता, हातवारे करत. आम्ही त्याला इतकं बोलताना कधी पाहिलं नव्हतं.

साडेअकराच्या सुमाराला सरांनी मला खुणेने विहिरीकडे बोलावलं. मला वाटलं जेवायला पानं कमी पडली असतील. सर विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीला टेकून उभे होते. म्हणाले, ‘सोमवारपासून ऑफिस नाही, शैलाताई. तिकडच्यांनी आपल्याला बंद केलं.’

मी हसले. खरंच हसले. मग त्यांचा चेहरा बघितला. त्यांना मंगळवारीच कळलं होतं. मशिनी सगळ्या मालक कंपनीच्या. मुंबईची माणसं टेम्पो घेऊन त्या दिवशी अडीचला येणार होती आणि मशिनी हलवताना ऑफिसात आपला एकही माणूस असता कामा नये, काही बाहेर जायला नको, अशी अट होती. म्हणून हुरडा. सर म्हणाले, उपाशीपोटी कसं सांगू हो, तरणी पोरं आहेत. पोटभर जेवू दे त्यांना, मग मीच सांगतो.

आणि मी म्हटलं, ‘हो सर. जेवण होऊ दे.’

यशवंतची सीडी मला आठवली नाही असं नाही. तिथल्या तिथे आठवली. साडेअकरा वाजले होते. आमच्यातला एक जण मोटरसायकलवर आला होता. मळ्यापासून अंबड पाऊण तास. सव्वाबाराला यशवंत त्याच्या मशीनपुढे असता, एक-दीडपर्यंत सीडी त्याच्या हातात असती. हे सगळं गणित मी त्या विहिरीशी उभ्या उभ्या केलं होतं. मग मी वळून बघितलं, तर तो काळे हात झटकत कुणाला तरी दाणे देत होता. एवढ्या आनंदातल्या माणसाला जेवायच्या आधी उठवायचं? मला तेव्हा ते पाप वाटलं.

हे कुठून आलं तेही मला ठाऊक आहे. मी दहावीत असताना माझा मामा अचानक गेला. निरोप घेऊन काका दुपारच्या एसटीने चांदवडहून आले, तेव्हा आम्ही नुकते पानावर बसलो होतो. काकांनी पाय धुतले, पाट घेतला, आमच्यात बसले आणि चक्क एक पोळी खाल्ली. आईला म्हणाले, वहिनी, भाजी झकास झालीय, अजून घ्या तुम्ही. आईचा शेवटचा घास झाला, तिने चूळ भरली आणि मग काका बोलले. पुढे चार दिवस आईला घास उतरला नाही. ती कितीदा तरी म्हणायची, भावजींनी मला जेवू दिलं, फार मोठ्या मनाचा माणूस. आमच्याकडे असंच असतं. वाईट बातमीने अन्नाच्या आधी यायचं नसतं.

पण मामा गेलेलाच होता. आई जेवली काय, न जेवली काय, तो परत येणार नव्हता. यशवंतचा गेम साडेअकराला जिवंत होता. हा फरक माझ्या डोक्यात आला नाही. मी, जी दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेत होते!

जेवण एक वाजता मांडलं. वांग्याचं भरीत, बाजरीची भाकरी, लोणी, कांदा, ठेचा. मी वाढायला घेतलं. सांगायला लाज वाटते, यशवंतला मी आग्रह करून तिसरी भाकरी वाढली. तो नको म्हणत होता. मी म्हटलं, खा रे, एवढ्याशाने काय होतंय. जेवणं झाली, दोन वाजले. सर बोलेनात. कुणी झोपाळ्यावर बसलं, कुणी पाटात पाय सोडले. मामांनी उसाचा रस काढला. मी सरांकडे बघायचे, सर जमिनीकडे बघायचे. अडीच वाजले. मी स्वतःला समजावलं, सांगतील, त्यांचं काम आहे ते. आपण कोण मधे बोलणार?

तीनला सरांनी सगळ्यांना आंब्याखाली बसवलं आणि सांगितलं. रूपाली खळखळून हसली, तिला वाटलं सर गंमत करताहेत. मग तिचं हसू तोंडावर तसंच राहिलं, ते कसं पुसायचं हे तिला कळेना. कुणी ओरडलं नाही, भांडलं नाही. पोटं भरलेली होती, ऊन कोवळं होतं, हातात रसाचे पेले होते आणि आमची नोकरी गेली होती. अशा वेळी काय करायचं असतं ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. यशवंतने फक्त विचारलं, मशिनी कुठंयत?

मिनीबसमध्ये तो माझ्या शेजारी बसला. सिन्नर फाटा आला. मग म्हणाला, ‘ताई, तुम्हाला कधी कळलं?’

मी म्हटलं, ‘तुमच्याबरोबरच.’

खोटं बोलताना माझी जीभ अडखळलीसुद्धा नाही.

ऑफिसचं दार सताड उघडं होतं. टेबलं जागेवर, वर एक मशीन नाही, खणसुद्धा रिकामे करून नेलेले. जिथे मशीन होतं तिथे तेवढा चौकोन स्वच्छ आणि बाजूने धूळ. जमिनीवर वायरी. माझे अंड्यांचे ट्रे एकावर एक रचून ठेवलेले, रिकामे. वॉचमन म्हणाला, पावणेचारला गेले टेम्पो, लई घाईत होते. यशवंत आपल्या टेबलाशी जाऊन उभा राहिला. काळे झालेले दोन्ही हात त्याने त्या स्वच्छ चौकोनावर ठेवले आणि तसाच उभा राहिला. सरांनी मुंबईला फोनावर फोन केले, अक्षरशः हातापाया पडले. तिकडून उत्तर आलं की सगळं पुसूनच मशिनी गाडीत चढवल्या, नियमच आहे तसा.

सोमवारी मी सायबर कॅफेत गेले. तिकडे डेव्हिड नावाचा एक होता, माझ्या चुकांच्या याद्या त्याच्याकडे जायच्या. चार वर्षांची ओळख, मुलीच्या बारशाला त्याने चित्र पाठवलं होतं. मी त्याला तडातडा लिहिलं, काढलंत तर काढलंत, निदान एका माणसाचं काम तरी परत द्या. पत्र तसंच परत आलं. असा कुणी इथे नाही, म्हणून. नंतर कळलं, तो आमच्या आधीच नोकरीतून निघाला होता. त्याच्या मजल्यावरची सगळीच माणसं निघाली होती, ज्यांनी तो नायक काढला, बंदूक काढली, गोदाम काढलं तीसुद्धा. ज्यांनी आम्हाला काढलं म्हणून मी बोटं मोडत होते, ते स्वतःच आपलं सामान खोक्यात भरत होते. मला धक्का कशाचा बसला म्हणाल, तर याचा. शिव्या द्यायच्या तर द्यायच्या कुणाला?

बुधवारी यशवंत पुण्याला गेला. रिकाम्या हातांनी. त्याने त्यांना तो गेम तोंडी सांगितला. त्यांनी नीट ऐकून घेतला आणि म्हणाले, झाला की पाठवा.

नंतर मी एका शाळेच्या ऑफिसात लागले. रूपालीचं लग्न होऊन ती सुरतेला गेली. यशवंतने दोन हंगाम आई-वडिलांबरोबर द्राक्षबागेत काढले, मग सातपूरला एका फ्लेक्सवाल्याकडे राहिला. वाढदिवसांचे, उद्घाटनांचे फलक. आता पेठला त्याचं स्वतःचं दुकान आहे, बरं चाललंय. एकदा मी फोनवर म्हटलं होतं, पुन्हा बनव ना रे तो गेम. म्हणाला, बसलो होतो ताई, आई चालतच नाही. मधल्या काळात ती बांधावरून पडली, गुडघा गेला, आता तिची चाल तशी राहिली नाही. वह्या त्या टेबलाच्या खणात होत्या, त्याही गेल्या.

दरवर्षी पाट्या लागल्या की मला ‘तुमच्याबरोबरच’ हा शब्द ऐकू येतो. माझ्याच आवाजात. तो मात्र मला ताई म्हणतो, दिवाळीला नागलीचं पीठ पाठवतो, ‘त्या दिवशी तुम्ही होतात म्हणून निभावलं’ म्हणतो. ते ऐकून मला कानकोंडं होतं. याला सांगितलं नाही तर आपल्याला सुखाने मरणही येणार नाही, असं वाटायला लागलं.

या संक्रांतीनंतर त्याचा फोन आला, दुकानासाठी छपाईचा कागद घ्यायला नाशिकला येतोय. मी म्हटलं, जेवायलाच ये. एक वाजता आला. अंगाने भरलाय, कानाशी केस पांढरे. मुलगी शाळेत, घरात आम्ही दोघंच. मी भरीत केलं होतं, भाकऱ्या गरम गरम टाकत होते. ताट वाढलं आणि मनात म्हटलं, जेवू दे आधी, मग सांगू. पुन्हा तेच? पुन्हा जेवण होऊ दे? नाही. या खेपेला नाही.

त्याने भाकरीचा तुकडा मोडला होता, भरीत लावलं होतं. मी म्हटलं, ‘थांब यशवंत. आधी ऐक.’

आणि सांगितलं. विहिरीपासून सगळं सांगितलं. साडेअकरा, मोटरसायकल, तिसरी भाकरी, मिनीबसमधलं खोटं. एक शब्द गाळला नाही. तो घास हातात धरून ऐकत होता. माझं संपलं तेव्हा त्याने एवढंच विचारलं, टेम्पो किती वाजता गेले म्हणाला होता वॉचमन? मी म्हटलं, पावणेचार. तो मनाशी हिशोब करत असावा. मला वाटलं आता ओरडेल, रडेल. त्याने ओरडावं अशी माझी फार इच्छा होती.

त्याने घास ताटात ठेवला.

‘सकाळी सहाला निघालोय ताई,’ तो म्हणाला. ‘पोटात काही नाही. हे जेवण झाल्यावर सांगायचं होतंत.’

आणि तो उठला.